कल्याणसाहेबांची सायकल

त्या वसाहतीत जीपचा आवाज सगळ्यांना पाठ होता. फाटकातून शिरताना ती गुरगुरायची, पाण्याच्या टाकीजवळचा खड्डा चुकवायला डावीकडे झुकायची आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन क्षणभर थबकायची. त्या थबकण्यात गल्लीतल्या बायकांचं निम्मं आयुष्य जायचं. कपडे वाळत घालणारी बाई चिमटा दातांत धरून तशीच उभी राहायची. नळ वाहत राहायचे. दूध उतू जायचं, पण गॅस बंद करायला कुणी हलायचं नाही. हललं तर आपण घरात आहोत हे जीपला कळेल, अशी काहीतरी समजूत होती. सगळ्या शिकल्यासवरलेल्या बायका होत्या, तरीही होती.

जीपमध्ये कल्याणसाहेब असायचे. त्यांच्या हुद्द्याचं नावच कल्याण अधिकारी. पुरुष आघाडीवर गेले की मागे राहिलेल्यांचं कल्याण बघायचं, असं त्यांचं काम. त्यात नळ आले, दिवे आले, डास आले, शाळेची बस आली आणि ते दुसरंही आलं. दुसऱ्याला गल्लीने नाव दिलं नव्हतं. साहेब स्वतः कधी लढाईवर गेलेले नव्हते. टक्कल, दुखरा गुडघा आणि मऊ आवाज एवढ्या भांडवलावर त्यांची नेमणूक झाली असावी. ज्या दारात ते थांबले त्या घराचं कल्याण झालं, असं बायका म्हणायच्या. न हसता म्हणायच्या.

एकदा ते डासांची फवारणी होणार एवढंच सांगायला जीप घेऊन आले आणि आचाऱ्याची बायको ओट्यापाशी कोसळली. कपाळाला खोक पडली. साहेब तिच्या तोंडावर पाणी मारत नुसते म्हणत राहिले, "अहो, डासांचं होतं हो. डासांचं होतं!"

त्या दिवशी करार झाला. कल्पना तारवालीची. तिचा नवरा फौजेत टेलिफोनच्या तारा ओढायचा, म्हणून तो तारवाला आणि म्हणून ही तारवाली. पट्टी बांधलेल्या आचारणीला मागे उभं करून ती साहेबांना म्हणाली, "साहेब, तुम्ही माणूस चांगले आहात. पण तुमची जीप वाईट आहे."

"मग मी काय चालत येऊ? गुडघा बघा माझा."

"सायकल घ्या. नळ, दिवे, डास, काय असेल ते सायकलवरून. जीप फक्त..."

पुढचं तिने म्हटलं नाही आणि साहेबांनीही विचारलं नाही. मान डोलावली. कुठेही काही लिहिलं गेलं नाही, कुणाची सही नाही, शिक्का नाही. बहुधा त्यामुळेच त्या खात्यात तो एकटा नियम काटेकोर पाळला गेला.

तेव्हापासून सायकलची घंटी वाजली की गल्ली जिवंत व्हायची. घंटीचा अर्थ असा, की आज सकाळपर्यंत तरी सगळ्यांचे सगळे जागेवर आहेत. बायका हात पुसत बाहेर यायच्या आणि साहेबांना मनापासून झापायच्या. साहेब सगळं ऐकून घ्यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "अर्ज द्या, बघतो." ते कधीही काहीही बघत नसत. तेही बायकांना चालायचं. साहेबांचं 'बघतो' ऐकलं की जग नेहमीसारखंच नालायक आहे, काही बिघडलेलं नाही, असा धीर यायचा.

तारवाल्याला शूर म्हणावं असं त्याच्या आयुष्यात फारसं काही घडलं नव्हतं. लहानपणी तो कुत्र्यांना घाबरायचा. मोठेपणीही घाबरायचा, फक्त आता रस्ता बदलायला कारणं सांगायचा. फौजेत तो मित्राला सोबत म्हणून गेला. मित्राची छाती मापात बसली नाही, रांगेत मागे उभ्या असलेल्या याची बसली. मित्राने पुढे कापडाचं दुकान काढलं. याला पळवून पळवून थकवल्यावर कुणीतरी त्याच्यासमोर बंद पडलेला टेलिफोन ठेवला. त्याने तो उघडला, आत फुंकर मारली, एक स्क्रू पिळला, आणि पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं. त्या हॅलोवर त्याची नोकरी ठरली.

काम सांगायला सोपं होतं. पुढच्या चौकीपासून मागच्या ठाण्यापर्यंत जमिनीवरून तार टाकायची. तोफेचा गोळा पडला की तार तुटते. तुटली की जोडायला जायचं.

"तुटली कुठे हे कळतं कसं?" तिने लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत विचारलं होतं.

"तार हातात धरून चालायचं. हातात काही उरलं नाही की थांबायचं. मग दुसरं टोक शोधायचं."

"आणि गोळे?"

"ते चालूच असतात. ते काय माझ्यासाठी नसतात, तारेसाठी असतात."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर तार घट्ट धरतो."

एकदा पुरात वाहून गेलेली तार त्याने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जोडली होती. त्यावरून पहिलं बोलणं झालं ते कुणा अधिकाऱ्याच्या हरवलेल्या घोंगडीबद्दल. ही गोष्ट तो हसून हसून सांगायचा, आणि त्याची आई ओरडायची, "हसतोस काय मेल्या, न्यूमोनिया झाला असता!" नंतर त्याला छातीवर लावायला एक बिल्ला मिळाला. तो त्याने कपाटाच्या दाराला लावला, कारण ते दार मिटत नव्हतं आणि बिल्ल्याची पिन बरोबर बसत होती.

घरी आला की तो एकूण एक वस्तू उघडायचा आणि सुट्टी संपली की तशीच टाकून जायचा. स्वयंपाकघरातला नळ सुतळीने बांधलेला. खिडकीच्या कडीला चमचा अडकवलेला. दारावरच्या बेलचं बटण भिंतीतून बाहेर लोंबतंय, मागे लाल-काळ्या वायरी. "देशाच्या तारा जोडता आणि घरची एक बेल होत नाही?" ती विचारायची. "पुढच्या सुट्टीत," तो म्हणायचा. "आणि त्या कल्याणला अर्जबिर्ज देऊ नकोस हं. खात्याचा माणूस येईल आणि असलेलं मोडून ठेवेल. मी आलो की करतो."

तिनेही कधी अर्ज दिला नाही. मोरी, चेंबर, गल्लीतला दिवा यांवरून ती साहेबांना फाडून खायची, पण घरातल्या या वस्तूंबद्दल चकार शब्द नाही. त्या त्याच्या होत्या. घर असं अर्धवट उघडं पडलेलं होतं म्हणजे ते मिटायला कुणीतरी येणार होतं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. असलं बोलून दाखवायचं नसतं.

त्या आठवड्यात रेडिओवर रोज आघाडीचं नाव येत होतं. निवेदक खणखणीत आवाजात सांगायचा, शत्रूचं भारी नुकसान, आपली हानी किरकोळ. पूर्वी हा शब्द ऐकला की गल्ली सुस्कारा टाकायची. आता टाकत नव्हती. किरकोळ म्हणजे कोण, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, पण बातम्या सुरू झाल्या की भांडी घासायचे आवाज थांबायचे. फोनही येत नव्हते. सासूने रेडिओवर फडकं टाकून ठेवलं होतं, आणि तासातासाने ते उचलून बघायची, जणू खाली दूध विरजायला ठेवलंय.

आणि दुपारी घंटी वाजली.

तारवाली मोरीत बसून ब्रशने फरशी घासत होती. घंटी ऐकली आणि तिच्या मानेतलं काहीतरी सुटलं. इतके दिवस मान आखडलेली होती हेच तिला तेव्हा कळलं.

शेजारच्या दारातून ड्रायव्हरणीचं डोकं बाहेर आलं. तिचा नवरा त्याच तुकडीत ट्रक चालवायचा. दोघींच्या घरांत एक भिंत होती आणि त्या भिंतीवरून दोघींची रोज भांडणं व्हायची. "सायकल! बये, सायकल आली!"

"ऐकलं. बहिरी नाही मी."

"आज सोडू नकोस त्याला. चेंबरचं झाकण उघडूनच दाखव. वास तरी घेऊ दे."

साहेब सायकलवरून उतरले. पेडल मारत चढण चढल्यामुळे चेहरा लाल झाला होता. सायकल त्यांनी दोन दारांच्या मधल्या भिंतीला टेकवली, टोपी काढली, पुन्हा घातली.

"या, या," तारवाली ओल्या हातांनीच दारात येत म्हणाली. "मुहूर्त सापडला म्हणायचा. हे चेंबर बघा. बघा ना, तोंड काय फिरवता? गेल्या महिन्यापासून पाणी वर येतंय. उद्या आम्ही स्वयंपाकघरात होडी घेणार आहोत."

"हो," साहेब म्हणाले.

"काय हो?"

"करून घेतो."

"म्हणजे अर्ज देऊ?"

"नको. अर्ज नको. आजच माणूस पाठवतो."

ड्रायव्हरीण खो खो हसली. "आजच? साहेब, ताप आहे का तुम्हाला? अगं हात लावून बघ गं त्यांच्या कपाळाला!"

समोरची आचारीण बाहेर आली, तिच्यामागे आणखी कोणी कोणी. सगळ्यांच्या अंगात सायकल आली होती. "आमच्या दिव्याचं काय?" "लावतो." "बसचं?" "बोलतो आजच." "आणि त्या टाकीत पाल पडली होती, ती?" "धुऊन घेतो, वहिनी, टाकी धुऊन घेतो."

"अगं मागा, मागा," ड्रायव्हरीण ओरडली. "आज कल्पवृक्ष आलाय दारात!"

साहेब हसले नाहीत. ते कुणाकडेच बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते, दोन दारांच्या मधल्या, जिथे सायकल होती तिथे.

सगळ्यांत आधी आचारणीला कळलं. तिच्या कपाळावरची खोक भरून आली होती, पण तिचा हात आपसूक तिकडे गेला. ती एक शब्द न बोलता मागे सरकली, घरात गेली आणि तिने कडी लावली. कडीचा आवाज फार मोठा नव्हता. मग पलीकडे आणखी एक कडी वाजली, मग आणखी एक. साहेब आजच सगळं करतो म्हणतायत, याचा अर्थ एकेका बाईच्या पोटात उतरत गेला तशी एकेक कडी लागत गेली. खात्याने आजवर कुणाचं काही आजच केलं नव्हतं.

गल्लीत तिघंच उरले. साहेब, तारवाली आणि ड्रायव्हरीण.

जीप निदान नेमक्या दारासमोर थांबायची. सायकल दोन दारांच्या मधोमध उभी होती. हँडल इकडे वळलेलं, मागचं चाक तिकडे. तारवालीने ते हँडल बघितलं. ड्रायव्हरणीनेही बघितलं. मग दोघींनी एकमेकींकडे बघणं टाळलं.

"भिंतीला ओल आलीय," ड्रायव्हरीण म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

"हो," साहेब म्हणाले.

"आमच्या बाजूनेही आलीय," तारवाली घाईघाईने म्हणाली. "जास्तच आलीय."

"पंखाही फिरत नाही आमचा."

"आमचा आवाज करतो. रात्रभर करतो. सासूबाईंना झोप नाही."

"उंदीर आहेत आमच्याकडे."

"आमच्याकडे मोठे आहेत."

जोवर बोलणं चालू आहे तोवर साहेबांना तोंड उघडता येणार नव्हतं. दोघी एकमेकींच्या वाक्यावर वाक्य ठेवत होत्या, मध्ये फट राहू देत नव्हत्या. आणि त्या गडबडीत तारवालीच्या मनात एक विचार आला. तिकडे जा. साहेब, तिकडच्या दारात जा. तिने तो विचार हाकलायचा प्रयत्न केला. तो गेला नाही. शेजारी उभी असलेली बाईही हाच विचार करतेय, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं.

"आत बसूया का जरा?" साहेबांनी भिंतीलाच विचारलं.

"माझं घर आवरलेलं नाही," ड्रायव्हरीण म्हणाली.

"माझंही," तारवाली म्हणाली. "घासायला काढलंय. सगळं ओलं आहे. पाय घसरेल तुमचा, गुडघा दुखतो ना तुमचा, नको."

साहेबांनी रुमाल काढला, पण घाम पुसला नाही. नुसता हातात धरला. मग काहीतरी करायचं म्हणून, किंवा आधाराला म्हणून, त्यांचा दुसरा हात दाराच्या चौकटीकडे गेला. तारवालीच्या चौकटीकडे. तिथे बेलचं लोंबणारं बटण होतं.

"हीसुद्धा करून घेतो," ते पुटपुटले. "ही बेल."

"नको," ती म्हणाली. "ती नको. ती हे करणार आहेत. आल्यावर."

ती थांबली. इतका वेळ साहेब प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले होते. मोरीला हो, दिव्याला हो, पालीला हो, दोघींच्या उंदरांनाही हो. आत्ता नुसतं हो म्हणायला हवं होतं. 'हो, आल्यावर करतील,' एवढंच. ती वाट बघत राहिली. एक साधा, खात्याचा, खोटा हो.

साहेबांनी बटणावरचा हात मागे घेतला.

"म्हणा ना," ती म्हणाली.

साहेबांनी टोपी काढली. या वेळी पुन्हा घातली नाही.

"कधी?"

"काल सकाळी."

"तारेवर?"

"हो. तोफा चालू होत्या. दोनदा जोडून आला. पुन्हा तुटली. नको जाऊस म्हणाले होते त्याला. म्हणाला, टोक कुठे आहे ते मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला सापडायचं नाही."

"जोडली?"

"जोडली, वहिनी. जोडली, आणि मग..." साहेबांनी रुमाल मुठीत आवळला. "फोन लागला. चौकीवर जखमी पडले होते बरेच. त्या फोनवरून गाड्या मागवता आल्या."

ती ऐकत होती. ऐकू येत होतं, पण ते कुठेतरी बाहेरच थांबत होतं, दाराशी आलेल्या अनोळखी माणसासारखं. तिला राग आला, तोही भलत्याच गोष्टीचा. "मग सायकल कशाला आणलीत?" ती म्हणाली. "ठरलं होतं ना आपलं? सायकल कशाला आणलीत?"

"जीप पुढे मागवली. जखमींसाठी. सगळ्याच गाड्या मागवल्या." साहेब पोरासारखे रडवेले झाले. "सायकल नुसती हातात धरून चालत निघालो होतो मी. ठरल्याचं लक्षात होतं. पण वाटेत गुडघा... आणि उशीर करणं बरं नव्हे म्हणून... घंटी मी वाजवली नाही हो. खड्ड्यात चाक गेलं आणि ती आपोआप वाजली."

शेजारी ड्रायव्हरीण दाराला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात मागे, पंजे दारावर चिकटलेले. गाड्या मागवल्या, हे शब्द तिनेही ऐकले होते. गाड्या आपणहून जात नाहीत. गोळ्यांच्या पावसात त्या कुणीतरी चालवत न्याव्या लागतात. ज्या बाईचा आत्ता गेला तिच्यासमोर आपल्याचं कसं विचारायचं, हे गल्लीत कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

तारवालीने तिच्याकडे बघितलं. मघापासून पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "हिचे कसे आहेत?"

"त्या गाड्यांतल्या एकीवर होते. चौकीपर्यंत नेली, जखमी भरले, परत आणली." साहेब ड्रायव्हरणीकडे वळले. "बरे आहेत. हाताला थोडं खरचटलंय, बाकी बरे आहेत."

ड्रायव्हरणीच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. ती दारावरून घसरत खाली बसली आणि मोठ्याने, गल्ली दणाणेल असं रडायला लागली. रडताना "नाही गं, नाही गं, मला माफ कर" असं काहीतरी म्हणत होती. तारवाली तिच्याजवळ खाली बसली. तिने तिला धरलं. ओल्या, साबणाच्या हातांनी तिची पाठ थोपटली. "अगं, रडू नकोस," ती म्हणत होती. "बरे आहेत म्हणाले ना. खरचटलंय फक्त. गप, गप." आपण हे का बोलतोय, कुणाला बोलतोय, तिला कळत नव्हतं. हात मात्र बरोबर थोपटत होते.

साहेब उभे होते. त्यांचं काम पुरं झालं होतं आणि ते अवघडून उभे होते, पाहुण्यासारखे.

आतून सासूचा आवाज आला. "कोणाचं गं?"

रडणं ऐकलं की त्या गल्लीत एवढंच विचारायची पद्धत होती.

ड्रायव्हरणीला भिंतीशी टेकवून तारवाली उठली आणि उंबऱ्यात आली. आत म्हातारी ताटात मटार सोलत बसली होती. कान दाराकडे, हात शेंगेत.

"ड्रायव्हरणीचा आवाज आहे ना?" सासू म्हणाली. "अरे देवा. तरणा पोर गेला गं. मागच्या सुट्टीत तर मला औषध आणून दिलं होतं त्याने. आणि लेकरं किती लहान." तिने ताट बाजूला सारलं, डोळे पुसले. खरंच पाणी आलं होतं डोळ्यांत. पण त्या पाण्याखाली एक सैलपणा होता, मानेतला, खांद्यांतला. सुनेने तो ओळखला. मघाशी तोच विचार तिच्या मनातून हलला नव्हता. "तू इथे काय उभी राहिलीस? जा, तिच्याजवळ बस. अशा वेळी बाईला एकटं सोडायचं नसतं. पाणी पाज तिला. मी आलेच. माझ्या चपला कुठे ठेवल्यास?"

"आई, तुम्ही बसा."

"बसू काय? शेजार आहे आपला. रोज भांडतेस म्हणून काय झालं?"

म्हातारी ओट्याला धरून उठली. भिंतीकडेला चपला होत्या, त्या तिला सापडल्या. तारवाली दारात उभी होती. ते दार अडवून धरावं असं तिला वाटत होतं, पण साठीच्या बाईला कसं अडवायचं, आणि किती वेळ? साहेबांना किती वेळ लागला होता? आता तिला कळत होतं, का ते भिंतीकडे बघत होते. तिलाही सासूच्या तोंडाकडे बघता येईना. तीही भिंतीकडेच बघत होती.

"सरक ना," सासू म्हणाली. "ऐक, कशी रडतेय ती."

"आई," ती म्हणाली, "ती रडतेय ती तिचा वाचला म्हणून."

बाहेर रडणं चालूच होतं. म्हातारीचा एक पाय चपलेत गेला होता. दुसरा तसाच गार फरशीवर राहिला.